बेल वाजवू नका

27 मे. नवतपा, कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झालाय.

मी मालगाडीचा ड्रायव्हर. सकाळी पावणेसातला नागपूरच्या अजनीला साइन ऑफ केलं, ड्यूटी संपली. रात्री बल्लारशाहून कोळशाची भरलेली रेक आणली, 58 वाघिणी. हिंगणघाटला पावणेदोन तास लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभे होतो, बाजूने मेल-एक्स्प्रेस जात राहिल्या. आता 16 तासांची हेडक्वार्टर रेस्ट. म्हणजे रात्री पावणेअकरापर्यंत मी घरचा.

मालगाडीला टाइमटेबल नाही, म्हणून मलाही वार नाही. लॉबीतून, म्हणजे ड्यूटी लावणाऱ्या ऑफिसातून, कॉल आला की दोन तासांत हजर. इटारसी की बल्लारशा, तेही तेव्हाच कळतं. घरी लग्नपत्रिका आली की बायको तारीख बघतच नाही. "जमलं तर येऊ," एवढंच सांगते.

आल्या आल्या आंघोळ केली, दोन पोळ्या खाल्ल्या आणि साडेआठला आडवा झालो. मे महिन्यात नागपुरात दिवसा झोपायचं म्हणजे अख्ख्या घराला कामाला लावावं लागतं. ही पहाटेच कूलरची टाकी भरून ठेवते, नंतर बादलीचा आवाज नको म्हणून. खिडकीला जुनी चादर ओली करून लावते. माझी झोप होईपर्यंत कुकर चढत नाही. आईला कमी ऐकू येतं, तरी ती टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघते. त्याचं मला फार वाईट वाटतं.

अडीचला जाग आली. दार उघडलं तर कडीला पुठ्ठ्याची पाटी लटकत होती: 'बेल वाजवू नका. बाबा झोपले आहेत.' अक्षर मुलाचं, यंदा चौथीत गेला. सहज उलटून पाहिली. मागे फिकट झालेल्या स्केचपेनने लिहिलेलं: 'बेल वाजउ नका बाबा झोपले आहे', आणि खाली तीन चाकांचं इंजिन. हे मुलीचं, ती दुसरीत होती तेव्हाचं. आता अकरावीत जाईल. पुठ्ठा तोच, फक्त सुतळी बदललेली. इतकी वर्षं ही पाटी दाराच्या बाहेरच्या बाजूला होती आणि मी आत झोपलेलो. नीट पाहिलीच नव्हती कधी.

"काहून उठला रे इतक्यात?" आई म्हणाली. मुलगा कुठंय विचारलं. कॉलनीतली पोरं आमच्या अंगणात खेळायची, ती आता मागच्या गल्लीत खेळतात म्हणे. त्यानेच हलवलं सगळ्यांना. या उन्हात, जिथे सावलीला झाडही नाही तिथे! तो घामाघूम होऊन आला तेव्हा विचारलं, इथे का नाही खेळत? म्हणाला, "तुम्हाला रात्री गाडीत झोप लागली तर?"

हे त्याला कोणी सांगितलं कोण जाणे. मी घरी या गोष्टी बोलत नाही. रात्री तीन ते पाच हा वेळ फार वाईट असतो. मिनिटभर कशालाच हात लागला नाही तर व्हीसीडीचा, म्हणजे ड्रायव्हर जागा आहे का ते बघणाऱ्या यंत्राचा, दिवा लागतो, मग बझर, तरी बटण दाबलं नाही तर गाडीला आपोआप ब्रेक. पण हाताला सवय झाली की पेंगतानाही तो बटण दाबतो. म्हणून मी आणि असिस्टंट प्रत्येक सिग्नल मोठ्याने पुकारतो. "डबल यलो!" "डबल यलो!" स्वतःचा आवाज कानावर पडला की मेंदू जागेवर येतो. मागे सुमारे पाच हजार टन वजन असतं, ब्रेक लावला म्हणून ते तिथल्या तिथे थांबत नाही. दुपारची झोप झालेली असली की त्या तीन वाजता फरक कळतो. तो फरक माझ्या घरच्यांनी कमावलेला असतो, आई, बायको आणि या दोन पोरांनी.

संध्याकाळी सातला सगळ्या पोरांना हाका मारून अंगणात आणलं. म्हटलं, ओरडा लेकहो, पाहिजे तेवढं ओरडा. ऊन उतरलं तरी फरशी तापलेलीच होती. लाइटच्या उजेडात बराच वेळ खेळ चालला. मी ओट्यावर बसून बघत होतो. शेवटी मुलाने माझ्या हातात चेंडू दिला. पाच बॉल टाकले आणि फोन वाजला. इटारसी, पावणेअकराला साइन ऑन.

डबा भरून झाला. भाकरी, झुणका, उन्हासाठी कांदा. पाणी पाच लिटर. निघताना पाहिलं, भिंतीवर खडूने स्कोअर लिहिलेला होता. सगळ्यात खाली: बाबा, 5 बॉल, 1 बाकी.