मेल घरच्या कंप्युटरवर आहे

गेल्या जूनमधली गोष्ट. फोंड्याला वकीलबाईंच्या ऑफिसात बाकावर बसून मी फोनमध्ये एक मेल शोधत होतो. लिस्बनच्या चुलतभावाने मुखत्यारपत्राची स्कॅन केलेली प्रत पाठवली होती. आदल्या रात्री मी ती स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती, आणि आता फोनवर तिचा मागमूस नव्हता. कारकून दर पाच मिनिटांनी मान वर करायचा. शेवटी म्हटलं, "मेल आलाय, पण तो घरच्या कंप्युटरवर आहे."

"मग घरी जाऊन घेऊन या," तो म्हणाला.

म्हार्दोळ काही लांब नाही. पण बाहेर पाऊस असा की समोरचा माणूस दिसेना. रेनकोट चढवला, स्कूटर काढली, घरी जाऊन पेन ड्राइव्ह भरली, ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून परत आलो. रस्ताभर स्वतःवरच चरफडत होतो. मेल हातात घ्यायला स्कूटर लागत असेल तर पोस्टमन काय वाईट होता?

गोव्याबाहेरच्यांसाठी एवढं सांगतो की आमच्याकडे वडिलोपार्जित मालमत्तेची वाटणी इन्व्हेंटरी नावाच्या कोर्टाच्या प्रक्रियेतून होते. मूळ पोर्तुगीज नागरी कायद्यातलं हे प्रकरण, आता त्यासाठी २०१२ चा वेगळा कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, त्यामुळे प्रत्येक वाटेकऱ्यामागे आणखी एक सही. आजोबांचं घर आणि एक कुळागर म्हणजे पोफळीची बाग, त्यावर सह्या करणारी माणसं चौदा, पसरलेली मुंबई, पुणे, बेळगाव आणि लिस्बनपर्यंत. थोरला मी, म्हणून कारभारीही मीच. कोर्टाच्या जुन्या भाषेत काबेसा द काझाल. पद ऐकायला भारदस्त आहे. कामाचं म्हणाल तर जमिनीचे वन-फोर्टीनचे उतारे, जन्माचे दाखले, सर्व्हेचे नकाशे आणि भावंडांची भांडणं, सगळं माझ्या मेलवर येऊन पडायचं.

त्या संध्याकाळी मी ठरवलं की प्रोग्राम बदलायचा. घरच्या कंप्युटरवर मेल वाचायला थंडरबर्ड नावाचा प्रोग्राम होता, ब्रॉडबँड घेतलं तेव्हा दुकानातल्या मुलाने घालून दिलेला. नाव घेतलं की लोक विचारतात, "ते अजून चालतं?" म्हणजे दोष त्याचाच असणार.

आधी वाटलं, प्रोग्रामच नको, ब्राउझरमध्येच वाचू. आठवडाभर तसं केलं. पण पावसाळ्यात आमच्या वाड्यावर झाडाची एक फांदी पडली की लाइट जाते आणि लाइटच्या पाठोपाठ नेट. इन्व्हर्टरवर कंप्युटर तासभर चालतो, ब्राउझर मात्र पांढरं पान दाखवून गप्प बसतो. कागद घरात असून बघता येत नाही, हे माझ्या पिढीला झेपत नाही.

मग मुलीचा लॅपटॉप घेतला. विंडोजबरोबर येणारा जुना मेल प्रोग्राम २०२४ च्या ३१ डिसेंबरला बंद झालेला, त्याच्या जागी नवं आऊटलुक. दिसायला छान, कॅलेंडरही शेजारीच. फक्त एक गोष्ट वाचनात आली. दुसऱ्या कंपनीचं खातं त्यात जोडलं तर तिथला मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरही उतरवला जातो. काहींना ते सोयीचं वाटेल. चौदा जणांच्या मालमत्तेचे कागद आणखी एका घरी ठेवायला मला नको वाटलं. माझा हट्ट म्हणा.

शेवटी पुण्याला पुतण्याला फोन लावला. त्याने प्रोग्रामचं नावसुद्धा विचारलं नाही.

"काका, खातं पॉपवर आहे की आयमॅपवर?"

"मला काय ठाऊक? मेल येतो."

"सेटिंगमध्ये जा. सर्व्हरच्या नावाखाली पोर्ट, म्हणजे दाराचा नंबर, किती लिहिलाय?"

"११०."

"झालं तर. पॉप. तोही कुलूप न लावलेला, वाटेत कोणीही वाचावं असा."

तेव्हा कुठे उलगडा झाला. पॉप म्हणजे पोस्टाच्या पेटीत किल्ली घालून सगळी पत्रं घरी घेऊन येणं. ब्रॉडबँडच्या कंपनीने दिलेली पेटी एवढीशी, म्हणून दुकानातल्या मुलाने सर्व्हरवर प्रत न ठेवण्याची खूण करून दिली होती. तेव्हा घरात एकच कंप्युटर होता, त्या मुलाचं काही चुकलं नाही. आता घरचा कंप्युटर दर दहा मिनिटांनी पेटी रिकामी करायचा आणि फोन मागून जाऊन मोकळी पेटी बघून यायचा. आयमॅपमध्ये पत्रं पेटीतच राहतात. कंप्युटर, लॅपटॉप, फोन सगळे तीच पेटी उघडून बघतात, आणि एकीकडे वाचलेलं दुसरीकडेही वाचलेलं दिसतं. मला वाटलं, हे काही नवीन निघालं असेल. नवीन कुठलं, स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिनने ते १९८६ मध्ये केलं. म्हणजे माझ्या थंडरबर्डपेक्षाही जुनं, त्याची पहिली पक्की आवृत्ती २००४ च्या डिसेंबरातली.

थंडरबर्डला आयमॅप पहिल्यापासून येत होतं. मीच त्याला कधी ते काम सांगितलं नव्हतं.

जुनी पेटी लहान, म्हणून मी जीमेलवर खातं काढलं आणि चौदाही जणांना नवा पत्ता कळवला. (त्यातले दोघे अजून जुन्यावरच पाठवतात. त्यांची वाटणीतली भूमिकाही तशीच आहे.) जीमेल फुकटात १५ जीबी देतं, पण त्यात ड्राइव्ह आणि फोटोही आले. माझा जुना मेल सुमारे चार जीबी, त्यातला निम्मा एकाच नकाशाच्या वेगवेगळ्या स्कॅनचा.

इथून खरं काम सुरू झालं. मला वाटत होतं, पॉपवर टिचकी मारली की आयमॅप होईल. तसं होत नाही. खातं नव्याने आयमॅप म्हणून जोडावं लागतं. जीमेलचं जोडताना ब्राउझरची छोटी खिडकी उघडते, तिथे पासवर्ड द्यायचा आणि परवानगी द्यायची, थंडरबर्डला पासवर्ड सांगावा लागत नाही. हे दोन मिनिटांत झालं. पोर्ट आता ९९३, कुलूप लावलेला.

जुनी पत्रं कंप्युटरच्या फोल्डरमध्येच होती. ती नव्या खात्यात न्यायची म्हणजे उचलून वर टाकायची. पुतण्याने तीनदा बजावलं, "काका, मूव्ह नाही, कॉपी. आणि आधी थंडरबर्ड बंद करून त्याची पत्रं आणि सेटिंग्ज असतात ते अख्खं प्रोफाइल फोल्डर दुसरीकडे उतरवून ठेवा." मी ते ऐकलं, आणि ऐकलं म्हणून वाचलो. २०१७ ची पत्रं वर चढत होती आणि लाइट गेली. इन्व्हर्टरने कंप्युटर धरला, राउटर बंद पडला. परत सुरू झाल्यावर दोन्हीकडचा आकडा जुळेना. खाली ६४२, वर ४१०. मूव्ह केलं असतं तर मधली २३२ कुठे आहेत हे शोधत बसलो असतो. वरचं फोल्डर पुसलं आणि पुन्हा कॉपी. त्यानंतर एका बैठकीला एकच वर्ष, आकडा वहीत लिहायचा, जुळला की शेजारी बरोबरची खूण. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजायच्या आधी नेट चांगलं चालतं, तेव्हा हे काम करायचो. सौ. म्हणायची, "परीक्षेचे पेपर तपासताय का?" निवृत्त मास्तरची सवय, काय करणार.

कंप्युटर अचानक जड झाला तेव्हा कळलं की जीमेलचं लेबल, म्हणजे पत्राला लावलेली चिठ्ठी, थंडरबर्डला फोल्डर वाटतं. एकच पत्र इनबॉक्समध्ये आणि पुन्हा ऑल मेल नावाच्या ढिगातही. जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑल मेलपुढची आयमॅपमध्ये दाखवायची खूण काढली, ढीग नाहीसा झाला. घरच्या कंप्युटरवर सगळी पत्रं उतरवून ठेवली, नेट नसताना वाचायला. मुलीच्या लॅपटॉपवर फक्त शेवटच्या ९० दिवसांची, कारण त्याची डिस्क तिच्या फोटोंनी भरलेली.

फोनचं काम सगळ्यात सोपं निघालं. के-नाइन मेल नावाचं जुनं अॅप २०२२ मध्ये थंडरबर्डच्या घरात आलं आणि २०२४ च्या ऑक्टोबरात अँड्रॉइडवर थंडरबर्ड म्हणून निघालं. कंप्युटरवर क्यूआर कोड काढला, फोनने बघितला, खात्याची सेटिंग्ज गेली. मुंबईच्या वहिनींकडे आयफोन आहे, त्या त्यातलं मूळचंच मेल अॅप वापरतात, आणि आम्हाला दोघांना एकमेकांच्या प्रोग्रामची काही अडचण नाही. पत्रं पेटीत राहायला गेल्यापासून कोण कुठल्या खिडकीतून बघतं याला फारसं महत्त्व उरलं नाही. आणि तीन आठवडे मी त्या खिडक्यांचीच तुलना करत बसलो होतो.

सगळं काही मागोमाग येत नाही, हेही सांगायला हवं. कंप्युटरवर केलेले फिल्टर त्याच कंप्युटरवर राहतात, आणि तो चालू असेल तरच चालतात. म्हणून वकीलबाईंचे मेल वेगळे काढायचा फिल्टर मी ब्राउझरमधून जीमेलवरच लावला. खालची सही प्रत्येक ठिकाणी वेगळी लिहावी लागली. पत्त्यांची वहीसुद्धा आयमॅपबरोबर येत नाही, ती कार्डडॅव्ह नावाच्या वेगळ्या वाटेने येते.

चवथीच्या आदल्या आठवड्यात गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानाची यादी करत होतो. आतून सौ. म्हणाली, "अहो, टॅबमधला कचरा काढला मी. जागाच नव्हती."

"कचरा म्हणजे?"

"ते सगळं भांडणाचं. बेळगाववाल्यांचं."

हातातली यादी टाकून धावलो. घरच्या टॅब्लेटवरही तेच खातं होतं. तिथे पुसलेलं फोनवरून गेलं होतं, लॅपटॉपवरून गेलं होतं, आणि घरच्या कंप्युटरवरून माझ्या डोळ्यांदेखत जात होतं. सिंक इतकं छान चाललेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. जीमेलचा बिन ३० दिवस पत्रं धरून ठेवतो, म्हणून २१२ च्या २१२ परत मिळाली. तिचा अंदाज तसा चुकीचा नव्हता, पण त्यातल्या एका भांडणाच्या शेपटीला बेळगावच्या काकूंचं संमतिपत्र जोडलेलं होतं. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी थंडरबर्ड बंद करून प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवतो. डिस्क तांदळाच्या डब्याशेजारी, कोरड्या फळीवर. आमच्याकडे पावसात चामड्याच्या चपलांनाही बुरशी येते.

पुढच्या तारखेआधी पुन्हा वकीलबाईंच्या ऑफिसात गेलो. कारकुनाने बेळगावचं संमतिपत्र मागितलं. फोन काढला, नाव टाकलं, दोन सेकंदांत कागद समोर. फोन त्याच्यापुढे धरला. त्याने चष्मा वर करून शांतपणे बघितलं.

"हो, बरोबर आहे," तो म्हणाला. "आता खाली जाऊन याच्या दोन प्रिंट काढून आणा."