बोल्ट मागे जातो, पण पुरता जात नाही

दोन महिने माझी .२२ ची सेमी-ऑटो रायफल (दरवेळी चाप ओढला की एक गोळी, पुढची आपोआप भरली जाते) मला छळत होती. पहिली गोळी झकास, दुसरीपण, आणि तिसरीला बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा, मागेपुढे सरकणारा धातूचा ठोकळा) अर्ध्यात अडकून रिकामी पुंगळी वर उभी, धुराड्यासारखी. मी काय करायचो, चिडून खटकन बोल्ट मागे ओढायचो, पुंगळी उडवायची आणि पुढे चालू. नंतर कळलं की सगळा पुरावा मी स्वतःच रोज फेकून देत होतो.

रेंजवर एक जुने काका येतात, त्यांनी एकदा मागून ओरडूनच थांबवलं. "अरे हात लावू नकोस, आधी बघ तरी काय अडकलंय!" नळी टार्गेटकडेच ठेवली, बोट चापावरून काढलं, सेफ्टी लावली, मॅगझिन काढलं आणि मग दोघांनी वाकून बघितलं.

तर गोष्ट अशी की .२२ च्या बहुतेक सेमी-ऑटो ब्लोबॅकवर चालतात, म्हणजे बोल्टला कुलूप वगैरे काही नसतं, पुंगळीच मागे ढकलली जाते आणि ती बोल्टला ढकलते, अडवायला फक्त बोल्टचं वजन आणि स्प्रिंग. धक्का कमी पडला की बोल्ट अर्ध्यातून परततो, मग कधी पुंगळी बाहेर पडायच्या आत चिमटली जाते, तर कधी ती जाते पण पुढचा राऊंड, म्हणजे काडतूस, उचललाच जात नाही आणि बोल्ट रिकाम्या चेंबरवर (नळीतली काडतुसाची जागा) बंद होतो. माझ्या पुंगळ्या तर लांब न उडता पायाशीच पडत होत्या, म्हणजे धक्का कमीच, आणि हे मी कधी बघितलंच नव्हतं! काकांनी विचारलं काडतुसं कुठली, तर मी आवाज कमी म्हणून सबसॉनिक (ध्वनीपेक्षा हळू जाणारी) वापरत होतो, ४० ग्रेनची (साधारण अडीच ग्रॅमची) गोळी सेकंदाला साधारण १०५० फुटांनी जाणारी. हाय व्हेलॉसिटी १२०० च्या पुढे असते. ती लावली आणि निम्मा त्रास तिथेच संपला. (आणि मी ऑनलाइन नवीन स्प्रिंग मागवून बसलो होतो, तीही जास्त कडक. म्हणजे रोगापेक्षा औषध भारी.)

उरलेला निम्मा मात्र हट्टी निघाला. आता पुंगळी चेंबरमधून निघायची पण बाहेर न पडता आतच लोळायची. घरी येऊन रायफल रिकामी आहे हे दोनदा तपासलं, एकदा डोळ्याने, एकदा करंगळीने, आणि चेंबरमध्ये एक वापरलेली पुंगळी घालून बोल्ट हळूच मागे ओढला. अर्ध्या वाटेत पुंगळी टपकन पडली. एक्सट्रॅक्टरची, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाची, नखी तिला धरतच नव्हती, आणि नीट धरली नाही तर ती इजेक्टरवर (तिला बाहेर फेकणाऱ्या खुंटीवर) आपटून उडणार कशी? टूथपिकने नखीखाली कोरलं तर काळा मेणचट गोळा निघाला. .२२ च्या शिशाच्या गोळीवर मेण असतं, त्यात काजळी मिसळली आणि वर मी प्रेमाने ओतलेलं तेल! जास्त तेल घातलं की रायफल खूश होते हा माझाच समज. चेंबरमध्ये तर तेल नकोच, ब्रश फिरवून कोरडं पुसायचं.

गॅसवर चालणाऱ्या (नळीतल्या वायूच्या दाबाने बोल्ट मागे ढकलणाऱ्या) मोठ्या रायफलींचं गणित वेगळं, तिथे गॅस रिंग, गॅस पोर्ट हे सगळं येतं. ज्यांचा बोल्ट शेवटच्या गोळीनंतर मागे थांबतो त्यांच्यात मॅगझिनमध्ये एकच राऊंड भरून मारायचा. बोल्ट मागे थांबला नाही तर तो पुरता मागे जात नसावा असा पहिला संशय घ्यायचा, मात्र मॅगझिनचं फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारी आतली पट्टी) खराब असलं तरी तसंच होतं, म्हणून दुसरं मॅगझिन लावून पुन्हा बघायचं.

एक गोष्ट मात्र मस्करीची नाही. चाप ओढल्यावर नुसती टिक झाली तर ३० सेकंद नळी टार्गेटकडेच धरून ठेवायची, उशिराने उडू शकते. आणि धाडऐवजी फुस्स आवाज आला तर पुढची गोळी अजिबात मारायची नाही, रिकामी करून आधी नळीत गोळी अडकली नाही ना ते बघायचं.

परवा मार्करने मॅगझिनांवर १, २, ३ लिहून गेलो. १ आणि ३ सुरळीत. २ मध्ये दोनदा गोळीचं नाक खाली जाऊन रॅम्पला (चेंबरकडे नेणाऱ्या उताराला) टेकलं, दोन्ही वेळा त्याच मॅगझिनमध्ये. मॅगझिनचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या तोंडाच्या कडा, उजेडात धरून बघितले तर डावा किंचित फाकलाय. पक्कड घेऊन सरळ करायचा मोह झाला होता, पण माझा हात मला माहितीये. २ नंबर सध्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे, रिकामं.