तंजावरच्या भिंती वाचताना

तंजावरला मी पहिल्यांदा गेले तेव्हा सहलीच्या कार्यक्रमात बृहदीश्वर मंदिरासाठी दोन तास राखलेले होते, आणि तेवढ्या वेळात दर्शन, नंदी आणि छायाचित्रे उरकून आमची बस रामेश्वरच्या रस्त्याला लागली. त्या मंदिराच्या आवारात मराठी भाषेतला एक भला मोठा शिलालेख आहे, हे मला घरी परतल्यावर कळले आणि त्याची रुखरुख कित्येक वर्षे मनात राहिली. या जानेवारीत तिरुचिरापल्लीहून तासाभराचा रेल्वेप्रवास करून मी पुन्हा तंजावरला उतरले, ती तीन दिवस मुक्काम करायचा हे ठरवूनच.

राजराज चोळाने बांधलेले हे मंदिर 1010 मध्ये पूर्ण झाले. गाभाऱ्यावरचे विमान, म्हणजे शिखर, सुमारे 66 मीटर उंच आहे आणि ते सारे ग्रॅनाइटचे आहे. कावेरीच्या गाळाने तयार झालेल्या या सपाट प्रदेशात असा दगड मिळत नाही, तो बाहेरून आणावा लागला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या उंचीचा अर्थ कळू लागतो. विमानाची सावली जमिनीवर पडत नाही असे येथे अनेक जण सांगतात. ती पडते, दुपारी चार वाजता मी त्याच सावलीत बसले होते. अशा दंतकथेची या वास्तूला गरज नाही. तिच्या जोत्यावर जे कोरलेले आहे तेच पुरेसे विलक्षण आहे. मंदिराला दिलेल्या देणग्या तेथे तमिळमध्ये नोंदवलेल्या आहेत आणि प्रारंभीच राजा सांगतो की, आम्ही दिलेले, आमच्या अक्काने दिलेले, आमच्या स्त्रियांनी दिलेले आणि इतरांनी दिलेले, असे सर्व या दगडावर कोरावे. ही अक्का म्हणजे राजराजाची थोरली बहीण कुंदवै. पुढे मंदिराच्या सेवेसाठी आणलेल्या 400 नर्तकींची नावे येतात आणि प्रत्येकीचे मूळ गाव व तिला दिलेले घरही नोंदलेले आहे. हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या बाईचा पत्ता दगडावर टिकून राहावा, याचे मला फार अप्रूप वाटले.

दुसरा दिवस मी राजवाड्यासाठी ठेवला होता. तेथील कलादालनात चोळकालीन कांस्यमूर्ती आहेत आणि त्यांपैकी तिरुवेंकाडू येथे सापडलेल्या वृषभवाहन शिवासमोर मी बराच वेळ उभी राहिले. मूर्ती 1011 च्या सुमाराची आहे. शिवाने एक पाय दुसऱ्यापुढे आडवा टाकला आहे, जटा पागोट्यासारख्या गुंडाळल्या आहेत आणि उजवा हात नंदीच्या पाठीवर टेकलेला आहे. मात्र तो नंदी आता नाही. हात हवेत आहे, तरीही त्या सैल पडलेल्या बोटांकडे पाहताना बैलाची उंची, त्याची पाठ, त्याचे स्वस्थ उभे राहणे हे सगळे आपल्याला दिसू लागते. शेजारीच पार्वती उभी आहे.

त्याच राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायक राजांच्या काळी सुरू झालेला हा संग्रह खऱ्या अर्थाने वाढवला तो दुसऱ्या सरफोजीराजांनी. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांनी 1676 च्या सुमारास येथे भोसल्यांचे राज्य स्थापन केले आणि ते 1855 पर्यंत टिकले. सरफोजी 1798 मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि राजांकडे किल्ला व आसपासचा भाग एवढेच उरले. सत्ता गेलेल्या या राजाने उरलेले आयुष्य ग्रंथ जमवण्यात, वैद्यकात आणि संगीतात घातले. त्यांच्या धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह ठेवल्या जात. ताडपत्रे, मोडी कागद आणि संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखिते एकाच छपराखाली नांदतात, हे पाहताना मला वाटले की आपल्या पाठ्यपुस्तकांत या राजाला दोन ओळी मिळतात, त्या फार कमी आहेत.

शिलालेखासाठी मी तिसऱ्या दिवसाची सकाळ राखली होती. पादत्राणे बाहेर ठेवावी लागतात आणि ऊन चढल्यावर फरशीवर पाऊल टेकवत नाही, म्हणून लवकर जाणे बरे. सरफोजीराजांच्या आज्ञेने 1803 मध्ये मंदिराच्या आवारातील नैऋत्येकडच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास कोरला गेला. बाबुराव चिटणीसांनी सिद्ध केलेला तो मजकूर ‘भोसलेवंशचरित्र’ म्हणून ओळखला जातो. अक्षरे बाळबोध आहेत, पण ओळी लांबलचक असल्याने एका ओळीच्या शेवटाहून पुढच्या ओळीच्या आरंभाला परतताना माझी नजर सारखी चुकत होती. अखेर मी भिंतीला स्पर्श न करता बोट हवेत धरून, मोठ्याने, लहान मुलासारखे वाचू लागले.

माझा आवाज ऐकून एक वृद्ध गृहस्थ जवळ आले आणि त्यांनी मराठीतच विचारपूस केली. तमिळ हेल असलेली, जुन्या वळणाची ती मराठी पहिल्या वाक्याला मला नीट कळली नाही, दुसऱ्याला कळली. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हीच भाषा बोलली जाते, मात्र शाळा सगळी तमिळमध्ये झाल्यामुळे त्यांना बाळबोध वाचता येत नव्हते. लहानपणापासून या भिंतीजवळून ते जात आले होते, आणि येथे आपल्याच भाषेत लिहिले आहे एवढेच त्यांना ठाऊक होते. मी वाचत राहिले, ते मान हलवत ऐकत राहिले. एकोजीराजांचे नाव आले तसा त्यांनी हात वर करून मला थांबवले, खिशातून मोबाइल काढून ध्वनिमुद्रण सुरू केले आणि म्हणाले, “अम्मा, पहिल्यापासून वाचा. सावकाश.”