पवनचक्की न दिसणारं पवनचक्क्यांचं गाव

आज कामानिमित्त ग्रिम्सबीला जाणं झालं. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं, एकेकाळी मासेमारीसाठी गाजलेलं बंदर. आता रॉयल डॉकमध्ये हॉर्नसीच्या समुद्री पवनचक्क्यांचं देखभाल केंद्र आहे. गंमत म्हणजे धक्क्यावरून त्यातली एकही चक्की दिसत नाही! हॉर्नसी १ हा पवनचक्क्यांचा पहिला समूह किनाऱ्यापासून सुमारे १२० किमी आत, दुसरा, हॉर्नसी २, सुमारे ८९. दोन्ही मिळून ३३९ टर्बाइन.

एवढ्या लांब रोज ये-जा कोण करणार? तंत्रज्ञ जहाजावरच मुक्काम ठोकतात. जहाजातून टर्बाइनवर जायला पूल असतो. खाली जहाज लाटांवर डुलतं, पूल मात्र ते डुलणं मोजून स्वतःला स्थिर धरतो. मी रत्नागिरीचा. होडीतून धक्क्यावर उडी मारताना गुडघे फुटलेली माणसं पाहिलीत, त्यामुळे हे प्रकरण मला फारच आवडलं.

पण खरी भुरळ घातली ती वीज किनाऱ्यावर आणणाऱ्या केबलने. एसी (दिशा सतत बदलणाऱ्या विजेची) केबल इतकी लांब असली की तिची बरीच क्षमता स्वतःला भारित करण्यातच खर्च होते. म्हणून हॉर्नसी १ साठी वाटेत, भर समुद्रात, फक्त हे सावरायला वेगळं स्टेशन उभारलं. असं जगातलं पहिलंच.

तरी ९ ऑगस्ट २०१९ ला आकाशातून वीज कोसळल्यावर हॉर्नसी १ आणि एक गॅसवरचं केंद्र जवळजवळ एकदमच गळपटलं. दहा लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, लंडनकडच्या रेल्वेचा बोजवारा उडाला. पाती, खांब सगळं धडधाकट होतं. हॉर्नसीपुरता दोष निघाला नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये!