खाते तिचे, कार्ड त्यांच्याकडे

ऐरोलीतील आमच्या बचत गटाचा हिशेब मी सांभाळते. गेल्या महिन्यात हप्ता भरताना एक सदस्य म्हणाली, "ताई, दोन दिवस थांबाल का? कार्ड ह्यांच्याकडे असतं आणि पिनही मला माहीत नाही." ती पहाटे चारला उठून पोळीभाजीचे डबे करते, ग्राहकांचे पैसे तिच्याच नावाच्या खात्यात जमा होतात. लेकीला कोणत्या कॉलेजात घालायचे, हेही तिने एकटीने ठरवले होते. मग तिला सक्षम म्हणायचे की नाही? मला वाटते, हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणत्या बाबतीत सक्षम, असे विचारले पाहिजे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्वतः वापरत असलेले बँक खाते असणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५३ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ७८.६ टक्के झाले. ही वाढ मोलाची आहे. परंतु 'स्वतः वापरते' या उत्तरामागे कार्ड कोणाच्या पाकिटात आहे, हे कळत नाही. त्याच सर्वेक्षणात विवाहितेला स्वतःचे औषधपाणी, घरातील मोठी खरेदी आणि माहेरी किंवा नातेवाइकांकडे जाणे, हे कोण ठरवते असे विचारतात आणि 'दोघे मिळून' हे उत्तरही तिच्या सहभागात धरले जाते. आमच्याकडे 'दोघे मिळून' म्हणजे पुष्कळदा त्यांनी ठरवायचे आणि तिने मान डोलवायची.

अर्थतज्ज्ञ नैला कबीर यांनी १९९९ मध्ये साधने, निर्णयाची ताकद आणि प्रत्यक्ष हाती आलेले फळ अशा तीन अंगांनी सक्षमीकरणाकडे पाहिले. माझ्या मैत्रिणीकडे साधन आहे. ताकद कुठे आहे, कुठे नाही.

वेळेचे मोजमाप मला सर्वांत बोलके वाटते. २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणात बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, तर पुरुष ९७; आणि असे काम करणारे पुरुष मुळात २६ टक्केच होते.

या महिन्यात तिने कार्ड मागून घेतले आणि आम्ही दोघींनी एटीएममध्ये जाऊन पिन बदलला. गटाची बैठक मात्र रात्री साडेनऊला ठेवावी लागली, कारण त्याआधी तिची भांडी उरकत नाहीत.