गोष्ट त्रिआरींवर आली

काल रात्री शेवटच्या त्रिआरीवर, म्हणजे सर्वांत मागच्या रांगेतल्या शिपायावर, मॅट वॉर्निशचा हात फिरवला आणि छोट्या रंगवलेल्या शिपायांची माझी रोमन लीजन, म्हणजे रोमन सैन्याची एक मोठी पलटण, पुरी झाली. २१० पायदळ, १५ घोडेस्वार, सगळे २८ मिलिमीटरचे. पहिल्या शिपायाला प्रायमर मारला त्याला अडीच वर्षं झाली.

ही लीजन कोणत्या काळातली ते आधी सांगतो. रोमन सैन्य म्हटलं की लोखंडी पट्ट्यांचं चिलखत आणि एकसारख्या लाल चौकोनी ढाली डोळ्यांपुढे येतात, पण ते सगळं नंतरच्या, सम्राटांच्या काळातलं. माझी माणसं कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी लढलेली, प्रजासत्ताकातली. यातले बहुतेक शेतकरी, शस्त्रं ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे आणलेली. यांची रचना ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने लिहून ठेवली आहे. सर्वांत तरुण आणि गरीब ते वेलितेस, १२००. त्यांच्याहून थोडे मोठे हास्ताती, १२००. भर उमेदीतले प्रिन्सिपेस, तेही १२००. आणि सर्वांत मागे वयाने मोठे, अनुभवी त्रिआरी, ६००. शिवाय ३०० घोडेस्वार. वीस माणसांमागे एक शिपाई धरला की ६०, ६०, ६०, ३० आणि १५ असा चोख हिशोब बसतो. हास्ताती आणि प्रिन्सिपेसच्या प्रत्येक तुकडीला सहा शिपायांचा एक बेस (ज्यावर ते चिकटवतात ती पट्टी), त्रिआरींच्या तुकडीला तिघांचा. हे गणित कागदावर जुळलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

आणि ही फक्त एक लीजन. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या मैदानावर हॅनिबलविरुद्ध रोमने आठ लीजन उतरवल्या होत्या. मित्रराज्यांचे लोक धरून पायदळ ८०,००० च्या घरात. याच प्रमाणात ते रंगवायचं तर चार हजार शिपाई लागतील. ब्रश हातात धरून असा विचार केला की तो आकडा अंगावर येतो. नुसता वाचून तो तसा कधीच आला नव्हता.

सुरुवात वेलितेसपासून केली, कारण साधं होतं. अंगावर चिलखत नाही, हातात गोल ढाल आणि हलके भाले, म्हणजे शिकायला सोपे. काहींनी साध्या टोपावर लांडग्याचं कातडं ओढलेलं असतं. कोण कसा लढतोय हे अधिकाऱ्यांना लांबून ओळखू यावं म्हणून, असं पॉलिबियस म्हणतो. त्या कातड्याला गडद तपकिरी, मग करड्या रंगाचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशचा हलका हात), मग कानांच्या टोकांना थोडा पिवळट हात. कातडी झकास जमली, चेहरे मात्र जमले नाहीत. तेव्हा मी प्रत्येकाच्या डोळ्यांत पांढरा रंग भरून मधे काळा ठिपका द्यायचो. एवढ्याशा चेहऱ्यावर पांढरा फार मोठा दिसतो, आणि साठच्या साठ पोरं डोळे विस्फारून समोर बघत राहिली.

पुढे हास्तातींना हात घातला तेव्हा डोळ्यांत पांढरा भरणं सोडून दिलं. भुवईखाली तपकिरी वॉश, म्हणजे पातळ केलेला रंग, साचू द्यायचा आणि नाकाचा शेंडा, गालाचं हाड, खालचा ओठ उजळायचा. सावलीतून नजर आपोआप तयार होते. हे कळायला मला सत्तरएक चेहरे लागले.

हास्तातींमध्ये मन रमलं ते मापांमुळे. ज्याला साखळीचं चिलखत परवडत नसे तो छातीवर वीतभर चौरस पितळी पत्रा बांधायचा. टोपावर जांभळी किंवा काळी तीन पिसं, सरळ उभी, जवळजवळ हातभर उंच. वीत आणि हात ही मापं आपल्या तोंडातलीच, त्यामुळे वाचताना ती माणसं एकदम जवळची वाटली. माझ्या शिपायाच्या अंगावर ती वीत चार मिलिमीटरची होते आणि हातभर पीस साडेसात मिलिमीटरचं. पत्रा रंगवताना आधी काळपट तपकिरी, त्यावर पितळी, मग वरच्या कडेला चंदेरी मिसळून एकच बारीक रेघ. ती रेघ कडेवरून खाली उतरली तर पत्रा कागदासारखा दिसतो. साठांपैकी चोवीस जणांना पत्रा दिला आणि बाकीच्यांना साखळी, कारण सगळे एकसारखे केले असते तर प्रत्येकाची ऐपत वेगळी होती ही गोष्टच पुसली गेली असती.

अंगरख्यांचा रंग कोणता, यावर या छंदातली माणसं तासन् तास भांडू शकतात. सगळ्यांना लाल देण्याएवढा पुरावा मला कुठे दिसला नाही. म्हणून न रंगवलेल्या लोकरीचे रंग धरले: मळकट पांढरा, सायीसारखा, राखाडी, बदामी. लाल फक्त सेंच्युरियनना, म्हणजे तुकड्यांच्या नायकांना, आणि तोही मंजिष्ठेच्या मुळांतून निघतो तसा विटकर छटेचा. चार हात अंतरावरून सेना बघितली की हा निर्णय बरोबर होता असं वाटतं. वाळत घातलेल्या धान्यासारखी दिसते ती.

हास्तातींवरच एक संकटही आलं. हवा दमट होती, तरी घाईने चोवीस जणांवर मॅट वॉर्निशचा स्प्रे मारला. दहा मिनिटांत सगळ्यांवर पांढरं धुकं चढलं. चेहरे गेले, पितळ गेलं, तीन आठवड्यांचं काम डोळ्यांदेखत फिकं पडलं. त्या रात्री त्यांना खोक्यात ठेवून झाकण लावलं. चार दिवसांनी ब्रशने चकचकीत वॉर्निशचा पातळ थर दिला, आणि धुक्यातून एकेक चेहरा परत वर आला. एवढा आनंद मला नवीन शिपाई रंगवतानाही झाला नव्हता. मग कोरडी हवा बघून पुन्हा मॅट.

प्रिन्सिपेस म्हणजे ढाली. इजिप्तमधल्या फय्यूम भागात या घडणीची एक ढाल सापडली आहे, बर्चच्या पातळ पट्ट्या थरावर थर चिकटवून केलेली, साधारण १२८ सेंटिमीटर उंच. माझ्याकडे ती २१ मिलिमीटरची. त्या काळी ढालींवर चित्रं कोणती, याचा पुरावा तुटपुंजा आहे. म्हणून मी रोमन लेखक प्लिनीचा आधार घेतला. रोमन सेनापती मारियसने इ.स.पू. १०४ मध्ये एकटा गरुड ठेवला, त्याआधी लीजनच्या निशाणांवर गरुडासोबत लांडगा, मिनोटॉर (बैलाच्या डोक्याचा माणूस), घोडा आणि रानडुक्करही असायचे, असं तो सांगतो. निशाणांवरचे हे प्राणी मी ढालींवर आणले, हा माझा निर्णय. रानडुकराने फार छळलं. ढालीच्या मधोमध उभा कणा असतो आणि पाठीची रेघ ओढताना ब्रश तिथे हमखास अडखळतो. शेवटी युक्ती सापडली: कण्याच्या अलीकडे थांबायचं, ब्रश उचलायचा, ढाल उलटी फिरवायची आणि शेपटीकडून परत यायचं. दोन रेघा कण्यावर भेटतात. आयाळीचे केस मग एकेका टोचणीने.

रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो, पुढच्या दोन्ही रांगा मागे हटल्या की रोमन लोक म्हणायचे, गोष्ट त्रिआरींवर आली. तोवर त्रिआरी डावा पाय पुढे पसरून, ढाल खांद्याला टेकवून, भाला तिरपा जमिनीत रोवून वाट बघत बसलेले असायचे. माझे तीस त्रिआरी तसेच गुडघ्यावर आहेत. त्यांच्यावर मी सहा महिने घालवले. गालांवर करड्यात निळ्याचा थेंब टाकून पाण्यासारखा पातळ रंग दिला की वाढलेले दाढीचे खुंट दिसतात. कपाळावर आठ्या, एकाच्या हनुवटीवर जुना वार. ढालीच्या कडा झिजलेल्या, आतलं लाकूड उघडं पडलेलं. अडीच वर्षांपूर्वी यातलं काहीही माझ्या हाताला आलं नसतं.

सगळी लीजन एकत्र मांडली तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की पुढून मागे शिपायांचं वय वाढत जातं तसा माझा हातही वाढत गेलाय. मित्राने बघितलं आणि म्हणाला, "बाकी भारीच झालंय. पण त्या वेलितेसचे डोळे परत रंगव रे, सगळ्यात पुढे तेच दिसतात." मी नाही म्हणालो. सतराअठरा वर्षांची पोरं ती, पहिल्यांदा रणात उतरलेली. त्यांचे डोळे तसेच असू देत.

शनिवारी तोच मित्र टेबलावर लढाई खेळायला कार्थेजचं सैन्य घेऊन येतोय, चार हत्तींसकट. इ.स.पू. २०२ मध्ये झामाच्या लढाईत हॅनिबलकडे ८० हून जास्त हत्ती होते, म्हणजे आमच्या हिशोबाने चारच. तिथे रोमन सेनापती सिपिओने तुकड्या नेहमीसारख्या बुद्धिबळाच्या पटावानी न मांडता एकामागे एक उभ्या केल्या, मधे सरळ गल्ल्या सोडल्या आणि त्या गल्ल्यांत वेलितेस ठेवले. हत्ती आले की त्यांनी वाट करून द्यायची. मीही तसंच मांडणार आहे. चारही हत्ती मोठ्या डोळ्यांच्या त्या पोरांच्या अंगावरच येतील.