सीएसआरचा पैसा कुठे द्यायचा: तीन वर्षांचा प्राधान्यक्रम ठरवतानाचा अनुभव

गोव्यातल्या डिचोली-सत्तरी पट्ट्यातल्या एका कंपनीच्या प्रतिष्ठानासाठी सीएसआरचा, म्हणजे कंपनीने सामाजिक कामांवर करायच्या खर्चाचा, तीन वर्षांचा प्राधान्यक्रम आखण्याच्या कामात मी होतो. सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट आधी सांगतो: गाव डिसेंबरात बघून यादी करू नका. डिसेंबरात विहिरीला पाणी असतं, शाळेचं छप्पर कोरडं असतं, वाट चालण्याजोगी असते. पाण्याची पाहणी मे महिन्यात करायची. छपरं, गटारं आणि आरोग्य उपकेंद्राकडे जाणाऱ्या वाटा जुलैत, भर पावसात बघायच्या. या दोन फेऱ्यांनंतर आमच्या पहिल्या यादीतली निम्मी कामं बदलली.

आता पैशाचा हिशेब. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्चायची असते. सरासरी ४० कोटी धरली तर ८० लाख. त्यात प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त ४ लाख. बंधनकारक रक्कम ५० लाखांच्या वर गेली की संचालकांची सीएसआर समिती लागतेच.

पहिली चाळण कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ७ ची, म्हणजे सीएसआरला चालणाऱ्या विषयांच्या यादीची. काम त्यातल्या विषयांत बसत नसेल तर अर्ज तिथेच थांबतो. जत्रेची कमान, स्पर्धेच्या जर्सीवर कंपनीचं नाव, असे अर्ज ढिगाने येतात. जाहिरातीचा फायदा मिळणारं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही. फक्त कामगारांसाठी केलेलं कामही नाही. कायदा स्थानिक भागाला प्राधान्य द्यायला सांगतो, पण ‘स्थानिक’ म्हणजे किती लांब हे समितीकडून आधीच लिहून घ्यावं. नाहीतर प्रत्येक बैठकीत तोच वाद.

दुसरी चाळण कागदांची, आणि गोव्यात खरी अडचण इथेच होते. बांधकाम असेल तर फॉर्म १ आणि १४ (गोव्यातला जमिनीचा उतारा) काढून जमीन कोणाची ते बघा: सरकारी, पंचायतीची, कोमुनिदादची (गावाच्या जुन्या सामाईक संस्थेची) की खाजगी. सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कुणा खाजगी माणसाच्या नावावर राहू शकत नाही. कामासाठी पुढे आलेल्या संस्थेकडे १२ए आणि ८०जी या आयकर खात्याच्या नोंदण्या, तीन वर्षांचं काम आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा झालेला सीएसआर-१ नोंदणी क्रमांक लागतो. गावातल्या बहुतेक महिला मंडळांकडे हे नसतं. म्हणून त्यांचा अर्ज बाजूला टाकू नये. कंपनीला काम थेट स्वतःही करता येतं. मंडळ देखरेखीला घ्यावं, बिलं कंपनीच्या नावावर घ्यावीत.

तिसरा प्रश्न आमच्या मते सगळ्यात वजनाचा: आम्ही निघून गेल्यावर हे चालवणार कोण? एका प्राथमिक शाळेत देणगीतून आलेलं पाणी शुद्ध करण्याचं यंत्र बघितलं. पारदर्शक नळकांड्यातली पाच मायक्रॉनची कँडल तांबड्या गाळाने विटकरी झालेली, नळाखालचं टाकं सुकं, कडेला पालीची अंडी. यंत्रात बिघाड नव्हता. त्या पाण्यात गाळ जास्त, कँडल भराभर बदलावी लागते, आणि तिचा खर्च कुणाच्याच वहीत नव्हता. तेव्हापासून तीन वर्षांचे सुटे भाग आणि सांभाळणाऱ्याचं नाव प्रस्तावात नसेल तर आम्ही तो समितीपुढे ठेवतच नव्हतो.

गुणांची वाटणी अशी ठेवली: गरज ३०, पुढे कोण चालवणार ३०, कागद २०, लाभार्थ्यांची संख्या १०, अंतर १०. संख्येला मुद्दाम कमी गुण दिले. नाहीतर सत्तरीतला चाळीस घरांचा वाडा शहराजवळच्या शाळेपुढे दर वेळी हरतो, आणि त्याच वाड्यात मे महिन्यात बायका झरीवर रांग लावतात.

वेळापत्रक चुकलं की चांगली निवडही वाया जाते. मंजुरी ऑगस्टपर्यंत मिळाली तर पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात काम सुरू होऊन मेपर्यंत पुरं होतं. मंजुरी जानेवारीत आली तर मार्चअखेर घाईने जे लगेच विकत मिळतं तेच घेतलं जातं: टॅब, दप्तरं, बाक. चालू बहुवर्षीय प्रकल्पाची उरलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात टाकावी लागते. प्रकल्प तसा नसेल तर पैसा सहा महिन्यांत परिशिष्ट ७ मधल्या निधीत जातो, गावाच्या हाती काही लागत नाही. म्हणून पाणी आणि छपराची कामं समितीच्या ठरावात पहिल्याच दिवशी ‘बहुवर्षीय’ म्हणून नोंदवून घ्यावीत.

नाकारलेल्या प्रत्येक अर्जाला लेखी उत्तर द्यायचं, आणि कारण नेमकं लिहायचं: ‘जमिनीचा उतारा जोडलेला नाही, एप्रिलपर्यंत आणल्यास पुन्हा विचार होईल.’ दुसऱ्या वर्षी चांगले अर्ज आले ते बहुतेक अशाच पत्रांना उत्तर म्हणून.